झरा बुजवायला शिकलो तेव्हा

आधी अक्काचं सांगतो, मग खड्ड्याचं. बेळ्ळंदूरच्या त्या खड्ड्यात तिनं मला ठेवून घेतलं म्हणून मी आज बंगळूरात आहे. ती त्या कामावरची इंजिनियर. वयानं माझ्याहून थोडी मोठी. राजाजीनगरात तिचं घर, आणि घरात बोलणं मराठी. आमच्यासारखी मराठी नव्हे. तीनचारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडं आलेल्या आणि इथलेच होऊन गेलेल्या माणसांची, कन्नडमध्ये मुरलेली मराठी. हे लिहायचं ठरवलं तेव्हा तिला फोन करून विचारलं. म्हणाली, "लिही की. पण नाव बेड." बेड म्हणजे नको. तिचंच नाव नाही तर बाकीच्यांची कशाला, म्हणून कुणाचंच घातलेलं नाही.

माझं गाव अथणीच्या पूर्वेला, कोरड्या पट्ट्यात. घरात मराठी, बाजारात कन्नड. वडील विहिरी खणायचे. आठवीच्या मध्यावर त्यांच्या जोडीदाराचा पाय खडकाखाली सापडला आणि खालून माती भरून द्यायला माणूस कमी पडलं. "एवढी विहीर होऊ दे, मग जा शाळेला," वडील म्हणाले. ती विहीर झाली, पुढची लागली, आणि शाळेचं राहून गेलं ते गेलंच. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण विहिरीत उतरायला मला आवडायचं. वर ऊन भाजत असायचं आणि आत थंड, ओल्या मुरमाचा वास, आणि डोक्यावर आभाळाचं गोल झाकण.

झरा लागायचा तेव्हाचं तर काय सांगावं. आधी खडकाच्या भेगेत नुसती ओल दिसते. मग पाझर. भेगेचं तोंड मातीनं बुजलेलं असतं. ते सळईच्या टोकानं हळूहळू मोकळं करायचं, घाई करायची नाही. पहिल्यांदा गढूळ पाणी येतं, मग निवळतं. वडील तळहात धरून उभे राहायचे आणि पाण्यातलं खरखरीत लागायचं बंद झालं की वर ओरडायचे, "निवळलं!" वर नारळ फुटायचा. आणि आमच्याकडं अशी रीत, की त्या झऱ्याचं पहिलं तांब्याभर पाणी घरच्या लेकीच्या हातात द्यायचं, सासरहून आलेल्या. लेक आली नसेल तर निरोप धाडायचा आणि ती येईपर्यंत तांब्या झाकून भिंतीतल्या देवळीत ठेवायचा. ती पिऊन झाली की मग बाकीच्यांनी.

पुढं बोअरच्या गाड्या आल्या आणि विहीर खणायला कोण बोलवेना. मी साखर कारखान्यावर गेलो, हंगाम संपल्यावर परत आलो. सांगलीला एका गोदामात लागलो, ते बंद पडलं, परत आलो. गावात पारावर बसलेले म्हणायचे, "आलं बघा पार्सल, पत्ता चुकला वाटतं." हसायचे. मीही हसायचो. वडील हसायचे नाहीत, आणि काही विचारायचेही नाहीत, ते जास्त लागायचं. तेव्हा बंगळूरला निघालो ते एवढंच मनात धरून, की आता परत पाठवलं गेलो तर पारावरनं घरी जाणार कसं?

गावच्याच एकानं फोनवरून शब्द टाकला आणि त्या खड्ड्यावर लागलो. रिंगरोडपासून आत, तळ्याच्या अंगाला एक इमारत उठायची होती आणि तिच्याखाली गाड्या ठेवायला दोन मजले. तळं जवळ, त्यामुळं जमीन जरा खणली की पाणी. म्हणून आधी चारी बाजूंनी लोखंडी शीट ठोकलेल्या. शीट म्हणजे पन्हळीसारखी वळवलेली लांबलचक लोखंडी पट्टी. तिच्या दोन्ही कडांना आकड्यासारखी वळी असते. एकीची वळी दुसरीत अडकवत, थरथरणाऱ्या यंत्रानं एकेक जमिनीत घुसवत जायचं, की भिंत तयार. मग आतली माती काढायची. भिंतीबाहेर पाणी जवळजवळ जमिनीबरोबर, आणि आत आपण दोन मजले खाली उभे. पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला वाटलं होतं की ही विहीरच आहे, फक्त चौकोनी. आणि उलटी. विहिरीत पाणी यावं म्हणून खणायचं, इथं येऊ नये म्हणून एवढा खटाटोप.

लोखंडातून पाणी येत नाही. येतं ते दोन वळ्या जिथं अडकतात त्या सांध्यातून. त्याला कामावर लॉक म्हणायचे. लॉकमध्ये आधीच फुगणारा मसाला भरलेला असायचा, पण खाली एखादा धोंडा लागला की शीट पिळवटते, लॉक फाकतं आणि मसाला असून नसल्यासारखा. माझं काम दोनच गोष्टींचं. कोपऱ्यातल्या खड्ड्यात साठणारं पाणी मोटर उपसतेय ना ते बघायचं, आणि भिंतीच्या कडेनं फिरत राहायचं. मेस्त्रीनं, म्हणजे आमच्या मुकादमानं, पहिल्याच दिवशी हातात खडू दिला. तो होसूरकडचा, आमच्याशी हिंदीत बोलायचा. "नया पानी दिखा तो गोल मार, मेरे को आवाज दे. हाथ नहीं लगाने का. समझा?" वर हेही सांगितलं, की सध्या नुसतं बघणार, जमलं नाही तर गाडीत बसवून देणार.

मी मान हलवली. तिथं मी बोलायचोच कमी. आमची कन्नड ऐकून इथले लोक गालातल्या गालात हसतात, आमचे हेल वेगळे पडतात. हिंदी मोडकी. मग गप्प राहणं बरं. मेस्त्रीला कुणीतरी सांगितलं होतं की हा विहिरी खणणारा, तर तो मला "बावडीवाले" म्हणायचा. अक्काला सगळे मॅडम म्हणायचे. वर रस्त्याकडच्या कडेला ती नकाशे घेऊन उभी दिसायची, डोक्यावर पांढरं हेल्मेट. मी तिच्याकडं वर मान करून बघायचं धाडससुद्धा करत नव्हतो.

एका सकाळी पश्चिमेच्या भिंतीत, माझ्या छातीच्या उंचीवर, एका लॉकमधून पाणी येताना दिसलं. बारीक धार, तांबूस. लॉकचं तोंड चिखलानं निम्मं बुजलेलं. मी खडू काढला, गोल मारला, आणि हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात हातानं काय केलं बघा. बाजूला पडलेला सळईचा तुकडा उचलला आणि त्या तोंडातला चिखल हळूच कोरायला लागला. मी ठरवून केलं असं नाही. इतकी वर्षं बुजलेलं तोंड दिसलं की मोकळं करायचं हेच हाताला माहीत. धार मोठी झाली. गढूळ आली. मला ते बरोबरच वाटलं, पहिल्यांदा गढूळच येतं. मी तळहात धरला आणि उभा राहिलो.

ती निवळेना. उलट जाड होत चालली. तळहातावर रेती टोचायला लागली, मग रेतीचा थरच बसायला लागला. पायाशी बघतो तर तांबड्या वाळूचा सुपासारखा पसरलेला ढीग. तरी मी सळई टाकली नाही. पाण्याकडं बघत पुटपुटत राहिलो, "निवळ की गं बाई. निवळ की आता."

वरनं कुणीतरी ओरडलं. भिंतीपलीकडं एक बैठं घर होतं, तिथली अज्जी. तिच्या अंगणात नारळाभोवती दगडी फरशा घातलेल्या. त्यातल्या काही फरशा माझ्या डोक्यावर कुठंतरी खचत होत्या. धार माझ्या हातावर जी वाळू टाकत होती, ती त्या फरशांखालची. हे मला तेव्हा कळलं नाही. मेस्त्री धावत आला, माझ्या हातातली सळई बघितली आणि ती हिसकावून घेतली.

"ये क्या कर रहा है? बावडी खोद रहा है क्या?"

खरं म्हणजे खोदतच होतो.

"चल, ऊपर. सामान उठा. आज की गाडी से घर."

तेवढ्यात लोखंडी शिडीवरनं अक्का उतरली. तिनं ना मेस्त्रीकडं बघितलं ना माझ्याकडं, आधी पाण्याखाली हात धरला. मग पायाखालची वाळू चिमटीत घेऊन चोळली. माझे ओठ अजून निवळ की, निवळ की म्हणत असावेत, कारण माझ्याकडं न बघताच ती मराठीत म्हणाली, "निवळायचं नाही रे हे. झरा नव्हे हा."

मला वाटलं, कानाला भास झाला. घर सोडल्यापासून कुणी समोर उभं राहून माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं.

"झऱ्याच्या मागं खडक असतो, होय की नाही?" ती म्हणाली. "माती धुऊन जाते आणि खडक तसाच राहतो, म्हणून पाणी निवळतं. इथं मागं खडक कुठला? नुसती भरावाची माती. जेवढं तोंड उघडशील तेवढी अज्जीची जमीन आत येत राहील. पाणी आलं तर येऊ दे, मोटर आहे. माती येता कामा नये. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

"सरी," ती म्हणाली, कन्नडमधलं ठीक आहे. "आता रडत नको बसू. गोण्या आण."

मी रडत नव्हतो. पण तशा बेतात असेन.

पुढचं सगळं मी तिच्या शब्दासरशी केलं. मला वाटलं होतं, आता भोक गच्च बुजवायचं. तिनं ते करू दिलं नाही. एकदम बुजवलं तर पाणी बाजूच्या लॉकमधून वाट काढेल, म्हणाली. आधी तोंडावर गोणपाट, त्यावर बारीक खडी, त्यावर जाड खडी, आणि वाळूच्या गोण्यांचा टेकू. पाणी यावं, वाळू अडावी. गोणपाटातनं धार आली तेव्हा फिकी झाली होती. मग वर अज्जीच्या अंगणात भिंतीला लागून चर खणला, पाणी लागेपर्यंत. अज्जी पायरीवर बसून बघत होती. तिनं विचारलं, आता माझा नारळ पण नेणार काय? अक्का तिला कन्नडमध्ये म्हणाली, नारळ नाही नेत, पण भुसा ठेवायला जागा दे.

भुसा म्हणजे लाकडाचा. शटरिंगच्या सुताराकडं पोतीच्या पोती पडलेला. तो राखेत कालवून त्या चरातल्या पाण्यात सोडायचा आणि काठीनं ढवळत राहायचं. मला आधी हसूच आलं. एवढी लोखंडाची भिंत, आणि औषध काय, तर भुसा?

"बघ तर," अक्का म्हणाली. "आपण शोधत बसलो तर भोक कुठं आहे ते कळायचं नाही. पाण्याला माहीत असतं. तेच भुसा ओढून नेतं आणि अडकवतं. मग तो फुगतो."

मी खाली जाऊन बसलो. धारेतनं आधी भुशाचे कण आले, मग कमी आले, मग धारच आवळत आवळत करंगळीएवढी झाली, मग नुसती ओल. मी डोक्याचा पंचा सोडून गोणपाटाखाली धरला. विहिरीत आम्ही असंच करायचो, हातापेक्षा कापडाला रेती लवकर कळते. पंचा पिळला, झटकला. काही नाही. वर तोंड करून मी ओरडलो, "निवळलं!" तोंडातनं तेच आलं. अक्का कडेवरून वाकून बघत होती. ती हसली. मग म्हणाली, "सरी. आता वेल्डरला बोलाव." सांधा सुकल्यावर त्यावर लोखंडी पट्टी वेल्ड झाली, आणि अज्जीच्या अंगणातली पोकळी आम्ही वाळू घालून, पाणी मारून, ठोकून भरली.

पण माझं काय, ते अजून ठरायचं होतं. मी हातपाय धुऊन पत्र्याच्या खोलीसमोर उभा राहिलो. पिशवी भरली होती. भरताना पार दिसत होता डोळ्यांसमोर, त्यावरची माणसं दिसत होती, आणि वडील, नेहमीसारखे काही न विचारणारे. मेस्त्री आत अक्काशी बोलत होता. दार उघडंच होतं.

"मॅडम, बोला था हाथ मत लगा. फिर भी लगाया."

"लगाया," अक्का म्हणाली. "गलती हुई, माना." मग पुढं हिंदीतच तिनं जे सांगितलं ते असं, की तुमच्या सगळ्यांच्यात पाण्याचं तोंड एवढ्या झटक्यात शोधणारा हा एकटाच आहे. ते उघडायचं की बंद करायचं हे आता त्याला कळलंय. आज सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस हाच आहे, तेव्हा त्याला त्याच भिंतीवर ठेवा. जो घाबरलेला नाही असा माणूस मला भिंतीवर नको.

मेस्त्री बाहेर आला. माझ्याकडं आणि पिशवीकडं बघितलं. "क्या बावडीवाले, कहाँ निकला? मोटर कौन देखेगा, तेरा बाप?"

मी पिशवी आत ठेवली.

दुसऱ्या दिवशीपासून आधी अज्जीच्या फरशा बसवायचं काम माझ्याकडंच आलं. तिला माझी कन्नड कळायची आणि ती हसायचीही, पण तोंड लपवून नाही, समोरच. फरशी जरा तिरकी बसली की काठीनं दाखवायची आणि वर ताक द्यायची. ते झालं आणि मी पुन्हा भिंतीवर. अक्का खाली उतरली की माझ्याबरोबर एक फेरी मारायची. कुठल्या लॉकमधून स्वच्छ पाणी येतंय ते चालू द्यायचं, कुठं तांबूस झलक आली की लगेच भुसा. तिच्या मागं मागं फिरत मी शिकलो. शाळेत मास्तरांच्या मागं असा कधी फिरलो नव्हतो.

जेवायला कधी कधी ती पत्र्याच्या सावलीत येऊन बसायची. तिच्या डब्यात चित्रान्नाचा पिवळा भात, माझ्याकडं भाकरी आणि शेंगाची चटणी. चटणी तिला आवडायची. ती माझे शब्द विचारायची, पाझर म्हणजे काय, देवळी म्हणजे काय. तिच्या आईला फोनवर सांगायची, "अम्मा, देवळी म्हणजे तुझं गूडु गं." एकदा मी विचारलं, "अक्का, तुमचं मूळ गाव कुठलं?"

"कुणाला माहीत? आजोबांनाही माहीत नव्हतं. तिकडचं कुठलंतरी, म्हणायचे. मराठी तेवढी राहिली. सणाला आई दारात रांगोळी काढते आणि म्हणते, कुणी माहेरचं यायचं असतं. कोण येणार?"

तेव्हा मी तिला झऱ्याचं सगळं सांगितलं. सळई, तळहात, नारळ, लेकीसाठी झाकून ठेवलेला तांब्या. ती हातातला घास तसाच धरून ऐकत होती. मग म्हणाली, "एवढी वर्षं मी पाणी बंदच करतेय. फुटताना एकदाही पाहिलं नाही, बघ."

खड्डा पुढं भरत गेला. तळ झाला, भिंती वर आल्या, आणि काम जमिनीबरोबर आल्यावर त्या यंत्रानं शीट एकेक करून उपटून काढल्या. शेवटची निघाली तेव्हा मी तिथंच होतो. जमिनीत एक बारीक चीर राहिली आणि तिच्यात बघता बघता पाणी चढलं, स्वच्छ, आपल्या जागी परत आल्यासारखं. उपटलेल्या शीटच्या एका लॉकमध्ये आमचा भुसा अजून घट्ट बसलेला होता, काळा, ओला, चामड्यासारखा. मी नखानं थोडा काढून हुंगला. सुताराच्या दुकानाचा वास येतो अजून, असं अक्काला सांगितलं. तिनंही हुंगला.

आता मी के. आर. पुरमला राहतो, बायको आणि लेकीला इकडं आणलंय. लेकीच्या शाळेत मराठी नाही, पण घरात आहे. भिंती बघायचंच काम करतो, कधी या खड्ड्यात, कधी त्या. हाताखाली माणसं आहेत, त्यांनाही मी खडू देतो आणि म्हणतो, गोल मार, हाक मार, हात लावू नको. पाऊस लागला की घरात बसवत नाही. सुट्टी असली तरी जाऊन बघून येतो. बायको म्हणते, तुमच्या त्या भिंती रात्री पळून जाणार आहेत काय? घाबरलेला माणूस म्हणूनच मला ठेवलं होतं.

बसनं बेळ्ळंदूरवरून जाताना ती इमारत दिसते. काचा, झाडांच्या कुंड्या, गाड्यांची रांग खाली उतरतेय. मी कधी आत गेलो नाही. पण ट्रॅफिकमध्ये बस अडकली की मी मनातल्या मनात पश्चिमेच्या भिंतीजवळ उभा असतो, छातीएवढ्या उंचीवर हात धरून, आणि कानात कुणीतरी मराठीत बोलतंय. अक्का आता दुसऱ्या टोकाला मेट्रोच्या कामावर आहे. फोन असतो. मी काही मोठं बोलायला गेलो की ती म्हणते, "स्वल्प कमी कर रे," आणि भिंतीचं विचारते.

मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा वडिलांनी स्वतःहून विचारलं, तिकडं नक्की काय करतोस. मी सांगितलं, झरे बुजवतो. ते म्हणाले, "कुणी तरी उघडायलाही पाहिजे की. आपली खालच्या रानातली विहीर गाळानं भरलीय. बोअर तर आटलं. तू आलास तर काढू."

ती आमच्याच हातची विहीर, शाळा सुटली ती खणताना. तिचा झरा कुठं आहे ते मला अंधारातसुद्धा सापडेल, उत्तरेच्या अंगाला, खडकाच्या पोटात. तेव्हा अक्का, हे तू वाचशील म्हणून लिहितो. गाळ काढायचं ठरलं की आधी तुला निरोप येईल. तुझं काम असेल तर आम्ही थांबू. तू काठावर बसायचं, मी सळई घेऊन उतरेन, आणि या वेळी ते निवळेल, मागं खडक आहे. पहिला तांब्या तुझा. तुला उशीर झाला तर देवळीत झाकून ठेवीन.